विकतचा डेटाबेस नसताना नर्सिंगच्या प्रबंधासाठी संदर्भ कसे शोधायचे आणि कसे द्यायचे

आलेला प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातल्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, शाखा कम्युनिटी हेल्थ. विषय मंजूर झालाय: आंबा-काजूच्या बागांतल्या मजुरांना सर्पदंशाच्या प्रथमोपचाराची कितपत माहिती आहे, आणि शिकवल्यावर त्यात फरक पडतो का. गूगलवर शोधलं की दुवे भाराभर येतात, त्यातले बरेच पैसे मागतात. कॉलेजकडे विकतचा एकही डेटाबेस नाही. गाइड मॅडम म्हणतात की रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) कच्चा आहे आणि रेफरन्स व्हँकूव्हर, म्हणजे क्रमाने आकडे देऊन संदर्भ लिहायच्या, पद्धतीत नाहीत. सुरुवात कुठून करू?

रत्नागिरी जिल्ह्यात नर्सिंगचं ग्रंथालय सांभाळताना हा प्रश्न दर वर्षी सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) मोसमात माझ्या टेबलावर येतो. विषय बदलतो, अडचण तीच असते.

विकतचा डेटाबेस नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. काही विषयांत त्यावाचून खरंच अडतं, तुमच्या विषयात तितकंसं नाही. सर्पदंश हा शेतात राबणाऱ्यांचा आजार. त्यावरचं बरंचसं महत्त्वाचं संशोधन ‘प्लॉस नेग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस’, ‘प्लॉस वन’, ‘ईलाइफ’, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ अशा कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकांत आलेलं आहे. मला तुमची अडचण दुसरीच दिसते. शोधणं, वाचणं आणि संदर्भ लिहिणं ही तुम्ही तीन वेगवेगळ्या महिन्यांतली कामं धरली आहेत. एका बैठकीत लेख सापडला, उघडला, नोंदला, असं झालं पाहिजे. ‘रेफरन्स शेवटी लावू’ म्हणणाऱ्याला शेवटी काय सापडतं ते मी दर मार्चमध्ये पाहते: आकडा आहे, पण तो कुठून आला ते आठवत नाही.

आधी प्रश्नाचे तुकडे करा. प्रबंधाचं शीर्षक जसंच्या तसं सर्चच्या चौकटीत टाकायचं नसतं. ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’ हे शब्द टाकलेत तर नेमके तसेच शीर्षक असलेले इथलेच प्रबंध मिळतील, आणि त्यांनीही एकमेकांकडूनच घेतलेलं असतं. तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत: साप चावणे, प्रथमोपचार, लोकांची माहिती आणि समजुती, शेतमजूर. प्रत्येकीसाठी इंग्रजीत किती वेगवेगळे शब्द वापरले जातात याची वहीत यादी करा. साप चावण्यालाच ‘स्नेकबाइट’ एकत्र, ‘स्नेक बाइट’ तोडून, शिवाय ‘स्नेक एन्व्हेनोमेशन’. सापाच्या विषावरच्या औषधाला ‘अँटिव्हेनम’, अमेरिकेत ‘अँटिव्हेनिन’, आपल्याकडे ‘अँटी स्नेक व्हेनम’ किंवा नुसतं ‘एएसव्ही’. सापांच्या शास्त्रीय नावांकडेही लक्ष ठेवा. घोणस आज ‘डबोया’ या नावाखाली मिळते, पण जुन्या लेखांत ती ‘व्हायपेरा रसेली’ आहे. एकच नाव टाकलं तर निम्मी घोणस हातून निसटते. आपल्या कातळसड्यावरचं फुरसं मात्र ‘एकिस कॅरिनेटस’ या नावानेच बहुतेक ठिकाणी सापडतं.

आता पबमेड. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची १९९६ पासून चालू आहे, वापरायला फुकट आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. ही सूची आहे, पुस्तकांचं कपाट नव्हे. इथे लेखाचा पत्ता आणि सारांश मिळतो, लेख दुसरीकडे असतो. पबमेडचा निवडक नियतकालिकांचा मुख्य भाग म्हणजे मेडलाइन. त्यातल्या प्रत्येक लेखाला तिथे ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात, त्यांना ‘मेश’ म्हणतात. लेखकाने शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, सर्पदंशाचा लेख ‘स्नेक बाइट्स’ या शीर्षकाखाली येतो. तुमच्या कामाची आणखी दोन शीर्षकं: ‘फर्स्ट एड’ आणि ‘हेल्थ नॉलेज, ॲटिट्यूड्स, प्रॅक्टिस’. हे तिसरं नर्सिंगच्या निम्म्या प्रबंधांना लागू पडतं आणि फार थोड्यांना ठाऊक असतं.

तरी नुसत्या मेशवर विसंबू नका. आपल्याकडची बरीच नर्सिंग नियतकालिकं मेडलाइनमध्ये नाहीतच, त्यांच्या लेखांना ही शीर्षकं लागत नाहीत. म्हणून एका अर्थाचे सगळे शब्द, मेश आणि साधे दोन्ही, ‘ऑर’ने जोडून एका कंसात ठेवा. दुसऱ्या गोष्टीचे दुसऱ्या कंसात. दोन कंस ‘अँड’ने जोडा. हे जोडशब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच टाइप करायचे. चारही गोष्टी एकदम जोडाल तर हाती चार-दोन लेख लागतील. आधी सर्पदंश आणि माहिती-समजुती एवढंच जोडा, मग गरजेप्रमाणे आवळा. शोध झाला की ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला ते उघडून बघा. अवतरणचिन्हात शब्द टाकलेत किंवा शेवटी तारका लावलीत की ते स्वतःहून समानार्थी शब्द शोधणं थांबवतं, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. तारीख, सर्चचे शब्द आणि किती नोंदी आल्या, हे तिथल्या तिथे वहीत. परीक्षक ‘रिव्ह्यू कसा केलात?’ असं विचारतात तेव्हा हीच वही उत्तर देते.

एक चांगला लेख मिळाला की त्याचा माग दोन्ही बाजूंनी काढा. तुमच्यासाठी तो लेख मी आत्ताच सांगते. २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये डहाणू तालुक्यातला अभ्यास आला आहे: आदिवासी समाज आणि आरोग्य कर्मचारी यांच्या सर्पदंशाविषयीच्या समजुती आणि जाणीव. किनारा हाच, फक्त उत्तरेचं टोक. त्याची संदर्भसूची वाचा म्हणजे मागचं काम कळेल, ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा म्हणजे पुढचं. प्रथमोपचारामागचा पुरावा कितपत भक्कम आहे हे तपासणारा पद्धतशीर आढावा २०१६ मध्ये ‘प्लॉस नेग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस’मध्ये आलाय, तोही घ्या. हे दोन लेख नीट वाचलेत तर गूगलवरचे पन्नास दुवे आपोआप गळतील.

तुमच्या प्रश्नात न आलेली पण मला फार महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आहे. आपल्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी कामगार किती असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तुमच्या नमुन्यात ते येणार असतील तर त्यांच्या समजुती सावंतवाडीच्या नाहीत, त्या तिकडून आलेल्या आहेत. नेपाळच्या तराई भागात सर्पदंशावर उत्तम काम झालंय. रुग्णाला मोटरसायकलवरून लवकर दवाखान्यात पोचवण्याच्या गावपातळीवरच्या योजनेचाही अभ्यास तिथे झाला आहे. ‘इंडिया’ हा फिल्टर लावून शोधाल तर हे सगळं बाहेर राहील. आणि प्रश्नावली मराठीत तेवढी करून भागेल का, हेही गाइड मॅडमना विचारून घ्या.

बाकीच्या जागा भराभर सांगते. गूगल स्कॉलर पबमेडनंतर वापरा, आधी नको. लेखाखालच्या ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये पुष्कळदा फुकटची पीडीएफ दडलेली असते. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, एम.एस्सी.चे तिथे शोधू नका. सिनाहल ही खास नर्सिंगची सूची विकतची आहे. तिची जागा पूर्ण भरून निघत नाही, पण ‘सिग्मा रिपॉझिटरी’त नर्सिंगचे प्रबंध आणि परिषदांतले निबंध मोफत आहेत. या भांडाराला पूर्वी व्हर्जिनिया हेंडरसन यांचं नाव होतं. त्यांच्या चौदा मूलभूत गरजा तुम्ही पहिल्या वर्षी पाठ केल्यात. १९०० ते १९५९ या काळातलं नर्सिंगवरचं इंग्रजी साहित्य चाळून चार खंडांची सूचीही त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली, हे मात्र कुणी शिकवत नाही. आम्हा ग्रंथपालांना त्या त्यामुळे जास्त जवळच्या वाटतात. ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघतंय. त्याचे बांधीव खंड जुन्या नर्सिंग कॉलेजांत असतात आणि ते हातानेच चाळावे लागतात. एक दिवस द्या त्याला.

सारांश मिळाला पण लेख बंद असेल तर? पहिल्यांदा बघा की पबमेडच्या नोंदीवर पबमेड सेंट्रलचा दुवा आहे का. असला तर पूर्ण लेख फुकट. नसेल तर ब्राउझरला ‘अनपेवॉल’ जोडून घ्या, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. तरीही नाही मिळाला तर संपर्क-लेखकाला चार ओळींचं पत्र पाठवा: मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, विषय हा, तुमचा हा लेख वाचायचा आहे, प्रत मिळेल का. बरेच लेखक आनंदाने पाठवतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. त्यात ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं आहेत, पण ती सरकारी संस्थांपुरती, खाजगी कॉलेजं त्यात नाहीत. म्हणून प्राचार्यांचं पत्र घ्या आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. आपल्याकडे ओरोसला आहे, रत्नागिरीला आहे. तिथे बसून वाचू देतील का ते आधी फोन करून ठरवा. पावसाळ्यात एसटीने जाऊन दार बंद पाहण्यात अर्थ नाही. तुमचं कॉलेज ‘डेलनेट’ या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद आहे का हेही तुमच्या ग्रंथपालांना विचारा. पुष्कळ कॉलेजं वर्गणी भरतात आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण रिव्ह्यू कच्चा राहतो तो इथे. ‘भारतात दरवर्षी ५८,००० लोक सर्पदंशाने मरतात’ हे वाक्य तुम्हाला निदान वीस ठिकाणी भेटलं असेल. कुणी संकेतस्थळाचा संदर्भ दिलेला, कुणी वर्तमानपत्राचा, कुणी दुसऱ्या प्रबंधाचा. आकडा जन्मला तो २०२० मध्ये, ‘ईलाइफ’मधल्या अभ्यासात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत असा तो अंदाज आहे, आणि ५८,००० ही त्याची वर्षाची सरासरी. ‘२०२० साली ५८,००० मेले’ असं लिहिलं की चूक झाली. त्याआधीचा आकडा सुमारे ४६,०००, तो २००५ सालासाठीचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. काही प्रबंधांत हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘मृत्यू वाढत आहेत’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. दोन्ही लेख उघडले असते तर पद्धती पाहून हात आवरला असता.

त्याच ईलाइफच्या लेखात आहे की सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांत झाले: बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, तेलंगणासह आंध्र प्रदेश, राजस्थान, गुजरात. या यादीत महाराष्ट्र नाही. मग तुमच्या प्रबंधाची गरज कशी पटवणार? ‘महाराष्ट्रात प्रमाण सर्वाधिक’ असं कुठून तरी उचललेलं वाक्य टाकलंत तर तोंडी परीक्षेत अडकाल. त्याऐवजी त्याच लेखात असलेलं घ्या: जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत आणि बहुतेक खेड्यांत झालेले. त्याच्या जोडीला तुमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयांची नोंद मागवून घ्या. धोरणासाठी तीन गोष्टी पुरतात: २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला, २०१९ मध्ये २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणण्याचं धोरण आणलं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तिन्हींची मूळ कागदपत्रं फुकट उतरवून घेता येतात. बातमीचा संदर्भ देऊ नका.

जे उघडून वाचलेलं नाही त्याचा संदर्भ द्यायचा नाही, असा माझा हट्ट आहे. मूळ लेख काही केल्या मिळालाच नाही तर ज्याच्यात वाचलं त्याचा संदर्भ द्या आणि मजकुरात तसं स्पष्ट लिहा. इंटरनेटवर पडलेल्या जुन्या सिनॉप्सिसमधला रिव्ह्यूचा परिच्छेद त्याच्या रेफरन्ससकट उचलायची पद्धत फार बोकाळली आहे. त्यात वर्ष चुकलेलं असतं आणि पुढच्या दहा जणी तेच चुकलेलं वर्ष लिहितात. चॅटबॉटने दिलेल्या यादीचं तर विचारूच नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, असंही असतं. प्रत्येक नोंदीचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून पाहा, शीर्षक पबमेडमध्ये शोधा. दोन्हीकडे नाही मिळालं तर खोडा.

‘फक्त गेल्या पाच वर्षांचे संदर्भ’ हा नियम गाइड सांगतात. उपचाराच्या बाबतीत तो योग्यच आहे. तुमच्या विषयात तर जुनं पुस्तक धोक्याचं आहे. दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधा, चीर देऊन रक्त काढा, असं जुन्या आवृत्त्यांत छापलेलं आहे आणि आजची मार्गदर्शक तत्त्वं ते करू नका म्हणतात. तुमच्या प्रश्नावलीचं ‘बरोबर उत्तर’ कुठल्या पुस्तकावरून ठरवताय ते आवृत्ती पाहूनच ठरवा. शक्यतो जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं घ्या. पण जिथून गोष्ट सुरू झाली तो लेख जुना असला तरी द्यावाच लागतो. विंचूदंशावर लिहिणारीला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचा प्राझोसिनवरचा १९८६ चा ‘लॅन्सेट’मधला लेख टाळून चालेल का? पार्श्वभूमीला एक ओळ हवी असेल तर १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्येही फुरशाचा उल्लेख आहे. ती एक ओळच राहू द्या.

व्हँकूव्हर पद्धत वाटते तितकी अवघड नाही. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक व्हँकूव्हरला जमले, तिथून ती आली. मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात त्या क्रमाने आकडे. तोच लेख पुन्हा आला तर तोच आकडा, नवा नाही. सूची त्याच क्रमाने, वर्णानुक्रमे नव्हे. वर सांगितलेला २०११ चा लेख असा दिसेल, अर्थात तुम्ही रोमन लिपीत लिहाल: मोहपात्रा बी, वॉरेल डीए, सुरवीरा डब्ल्यू, भाटिया पी, धिंग्रा एन, जोटकर आरएम, एट अल. स्नेकबाइट मॉर्टॅलिटी इन इंडिया: अ नॅशनली रिप्रेझेंटेटिव्ह मॉर्टॅलिटी सर्व्हे. प्लॉस नेगल ट्रॉप डिस. २०११;५(४):ई१०१८. सहा नावं आणि पुढे एट अल, म्हणजे ‘आणि इतर’. आडनाव आधी, आद्याक्षरांना टिंब नाही. नियतकालिकाचं संक्षिप्त नाव मनाने करायचं नाही, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये बघायचं. पानांऐवजी ई-क्रमांक असेल तर तोच द्यायचा, पानं शोधत बसायचं नाही. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या सूचनेत वेगळं काही असेल तर अर्थातच ते आधी.

आपल्या नावांचा घोळ वेगळा. बावस्कर एचएस हे बरोबर, हिम्मतराव बी हे चूक. दक्षिणेकडच्या लेखकांत आद्याक्षर आधी आणि नाव नंतर असतं, तिथे यंत्र हमखास गडबडतं. लेखाच्या पहिल्या पानावर ‘कसे उद्धृत करावे’ असा मजकूर असतो, त्याच्याशी ताडून पाहा. सरकारी अहवालाला लेखक नसेल तर खातं किंवा संस्था हीच लेखक. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख हवीच, कारण ते पान पुढच्या वर्षी हललेलं असतं. मराठी पुस्तक किंवा शासन निर्णय देताना शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद चौकटी कंसात आणि शेवटी भाषेचं नाव.

हे सगळं हाताने लिहू नका. ‘झोटेरो’ हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरनेट नसतानाही चालतं. जून-जुलैत आपल्याकडे रेंज आणि लाइटचं काय होतं ते सांगायला नको. डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक टाकला की नोंद आपोआप भरते, पीडीएफ तिथेच जोडून ठेवता येते, वर्डमध्ये टिचकी मारली की आकडा आणि सूची दोन्ही तयार. मधे एक संदर्भ घुसवला तर पुढचे सगळे आकडे स्वतः सरकतात. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर बहुधा तसा इशाराही देतं. पण भरलेली नोंद तपासायची जबाबदारी तुमचीच. शीर्षक कधी सगळं कॅपिटल अक्षरांत येतं, वर्ष कधी ऑनलाइन आल्याचं असतं आणि कधी अंकाचं. नोंद घेतानाच दुरुस्त करा, आणि तिच्याखाली टिपणात चार ओळी लिहा: नमुना किती, कुठे, काय आढळलं, माझ्या कुठल्या प्रकरणात लागेल. पुढे रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा पीडीएफ पुन्हा उघडावी लागणार नाही.

प्रश्नावली दुसऱ्या कुणाच्या अभ्यासातून घेणार असाल तर नुसता संदर्भ पुरत नाही, परवानगी लागते. लेखकाच्या परवानगीचं पत्र परिशिष्टात लावा. ‘प्लॉस’सारख्या खुल्या परवान्याच्या लेखाला जोडलेली प्रश्नावली नाव देऊन वापरता येते, तरी त्यात काय बदल केलेत ते लिहा. औषधं नियमित घेण्याच्या एका प्रसिद्ध मापनपट्टीचा परवाना न घेतल्यामुळे परदेशात छापून आलेले लेख मागे घ्यावे लागले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बांधणीला देण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी काढा आणि त्या प्रतीवरच झोटेरोचं ‘अनलिंक सायटेशन्स’ वापरा, म्हणजे आकडे आणि सूची झोटेरोपासून तुटून साधा मजकूर होतात. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर सूची विस्कटणार नाही, आणि मूळ फाइल गाइड मॅडमच्या पुढच्या दुरुस्त्यांसाठी जिवंत राहील.